त्रेचाळिसावी

औषधांच्या दुकानात कुणी विचारलं की सांगते,
पळते आपली, तब्येतीसाठी.
काउंटरपलीकडची म्हातारी मान डोलावते
आणि मी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून देते.

खोटं आहे ते.
मी पळते बेव्ह ग्रीनवुडच्या पाठीसाठी.

तपकिरी बनियन, त्यावर पिवळा पट्टा,
मानेशी उसवलेला एक टाका,
डावा खांदा किंचित वर.
नवऱ्याची पाठ मी इतकी निरखली नसेल
एकवीस वर्षांत.

टॉडमॉर्डनला फेब्रुवारीत उजाडतं ते नावापुरतं.
पबमागच्या मैदानात आम्ही दीडशे जण
जागच्या जागी उड्या मारतो, नाकं पुसतो,
नंबराच्या पिना बोटात टोचून घेतो.
पहिले दहा कोण, ते ठरलेलंच असतं:
दोरखंडासारख्या पोटऱ्यांची पोरं ती.
आमची शर्यत मागे, चाळीस-पन्नासच्या घरात,
जिथे बक्षीस नाही, फोटो नाही,
आणि तरी एकेका नंबरासाठी
भली माणसं कोपर काढतात.

ससा-कासवाच्या गोष्टीत
कासव आतून किती जळत होतं
ते शाळेत कुणी शिकवलं नाही.

चढ लागला की बोलणं संपतं.
हात गुडघ्यांवर, नजर तिच्या टाचांवर.
दगडी कुंपणाच्या आडोशाला उभ्या मेंढ्या
वेड्यांकडे बघावं तशा बघतात.
मग गारा. मग काळा, ढोपरभर चिखल.
मी मूळची चिखलीची, हा विनोद
इथे कुणाला सांगून उपयोग नाही.

सहावीत खो-खोच्या रांगेत
बाईंनी मला पार कडेला बसवलं होतं.
पाठ ताठ, बोटं जमिनीवर, एक पाय तयार.
खो कुणी दिलाच नाही.
खेळ संपला, पोरी डबे खायला गेल्या,
माझ्या मांडीत मुंग्या.
ती थाप अजून पडलेली नाही.
चव्वेचाळिसाव्या वर्षी मी न विचारता उठले,
इतकंच.

उताराला, कुंपणाच्या ओल्या पायरीवर
बेव्हचा पाय सटकला.
मी बघितलं. स्पष्ट बघितलं.
एक क्षण गेला. दीड म्हणा.
तिने कचकचीत शिवी हासडली, म्हणजे जिवंत होती,
आणि माझे पाय आधीच पुढे गेलेले,
सात चुलत भावंडांच्या पंगतीत
शेवटच्या पुरणपोळीवर हात जावा तसे.

आता पुढे पाठ नव्हती.
नुसती मोकळी टेकडी, खाली गाव,
कालव्याची राखाडी रेघ, गिरणीचं धुराडं,
आणि कुठे बघावं तेच कळेना.
मागून चिखलातून बूट उपसल्याचा आवाज:
पचक, पचक, जवळ, आणखी जवळ.
पाठलाग करताना माणूस थकतो,
पाठलाग होताना थकायला सवड नसते.

हॉलमध्ये निकालाचा कागद भिंतीला चिकटवला.
त्रेचाळीस मी. चव्वेचाळीस ती.
मध्ये सहा सेकंद.
तिचा गुडघा फुटलेला, रक्त मोज्यापर्यंत सुकलेलं,
हातात चहाचा मग.
मी म्हटलं, बेव्ह, तिथे मी थांबायला…
"मी नसते थांबले," ती म्हणाली,
आणि आपला ओटचा केक मधोमध मोडून
लहान तुकडा मला दिला.
"मार्चमध्ये येणार ना?"
आवाज धमकीचाच होता.
इतकं गोड मला या देशात
फार कमी जणांनी बोलावलंय.

रात्री बेसिनमध्ये बनियन धुताना,
तिसऱ्या पाण्यालाही चिखल सुटत असताना,
दिसलं की मानेशी माझाही एक टाका सुटलाय.
सुई-दोरा हाताशी होता.
शिवला नाही.
मार्चमध्ये तिला बघायला
काहीतरी हवं.